पेटीवरचा नंबर

युवराज बैसाणे टरबूज घ्यायला थांबले की गाडीवाला आधीच हात जोडतो. भाऊ टरबूज वाजवणार, हुंगणार, देठ बघणार, मग कापून दाखवायला लावणार, आणि आतून लालभडक निघालं तर 'सुई मारलेली दिसते' म्हणून पुढच्या गाडीकडे निघणार. एसटीत कंडक्टर होते. अमळनेर-धुळे फेरीवर उभी नोकरी गेली. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्याच्या खिशात सुट्टे असतातच, एवढंच जगाबद्दल त्यांचं मत आणि त्यात आजवर फरक पडलेला नाही. निवृत्त झाल्यावर हे मत घेऊन ते माझ्या दुकानात येऊन बसायला लागले.

माझं दुकान म्हणजे स्टँडजवळचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. मी कामिनी, माहेरची फैजपूरची. माझी जीभ तिखट आहे असं सासरी सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. भाऊंचं घर आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून. स्वतःच्या मोबाइलवरून पैशाचा व्यवहार करायचा नाही अशी त्यांची शपथ. चोर शिरलाच तर कामिनीताईच्या कॉम्प्युटरमध्ये शिरावा, आपल्या मोबाइलमध्ये नको, असा साधा विचार. मी हे तोंडावर बोलून दाखवलं तेव्हा ते मनापासून हसले, पण मोबाइल काही खिशातून बाहेर आला नाही.

असा माणूस फसला. कसा फसला ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

भाऊंचे आजोबा भाईदास. घरात त्यांना आबा म्हणत. महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेले आणि येताना हिवताप आणि एक पदक घेऊन आले. सहा टोकांचा तारा, मागच्या बाजूला कोरलेलं नाव आणि फौजेतला नंबर. हा तारा घरात भांड्यांच्या फळीवर, एका पितळी लोट्यात राहायचा. चौदा एप्रिल जवळ आली की आबांची सून पार्वताबाई, म्हणजे युवराजभाऊंची आई, भांड्यांबरोबर तारादेखील चिंच लावून घासायची आणि आबांच्या कोटाला लावून द्यायची. त्यांच्या वस्तीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे फौजी घरं चालायची, तशी अजूनही चालतात. छातीवर जे असेल ते लावून.

मग घरोघरी स्टील आलं. पितळ जड, पितळेला कल्हई करावी लागते, आणि शेजारणीच्या फळीवर स्टीलचे डबे चकाकायला लागलेले. हातगाडीवाला मोडीच्या बदल्यात नवी भांडी द्यायचा. पार्वताबाईंनी फळी रिकामी केली, त्यात तो लोटाही गेला. तारा आतच होता. संध्याकाळी दिवा लावताना त्यांच्या लक्षात आलं. तशाच अनवाणी बाजारात धावल्या, पण गाडीवाला कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

आबा काहीच बोलले नाहीत. त्या वर्षी त्यांनी कोट घातला, छाती रिकामी, आणि मिरवणुकीत आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. मरेपर्यंत त्यांनी ताऱ्याचा विषय काढला नाही. 'शिवी दिली असती ना व बहीन, तर मी सुटले असते,' असं पार्वताअक्का मला एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्या मिरवणुकीला जात नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. पंचविशीतल्या बाईचे गुडघे दरवर्षी नेमके त्याच दिवशी दुखायचे, आणि घरातलं कुणी त्यावर बोलायचं नाही.

आता अक्का ऐंशीच्या घरात. युवराजभाऊंना एकच हवं होतं. आईचे डोळे शाबूत आहेत तोवर तो तारा घरात यावा आणि एका तरी चौदा एप्रिलला तिने मिरवणुकीआधीच्या सभेत पुढच्या रांगेत बसावं. बाकी बंगला नको, गाडी नको. या एका गोष्टीसाठी ते माझ्या दुकानात येत होते.

जुनी पदकं नेटवर लिलावात विकली जातात हे त्यांच्या पोराने, प्रशीलने, पुण्याहून सांगितलं होतं. आम्ही शोधायला लागलो आणि महिनाभरात दोघांचेही डोळे पांढरे झाले. तिथे ताऱ्यांचा खच पडला होता. ब्रह्मदेशात जेवढे शिपाई गेले नसतील तेवढे तारे विकायला ठेवलेले. बहुतेक नवे ओतलेले, मग कसलंतरी पाणी मारून काळपट केलेले. फीत चहात बुडवून जुनी केलेली. आमच्याकडे पावडरीने पिकवलेली केळी असतात ना, वरून पिवळी धमक आणि आत कच्चट, तसला प्रकार. फोटो एका वस्तूचा आणि हातात पडायचं दुसरंच, असंही व्हायचं. बोली लावणाऱ्यांतही विकणाऱ्याचीच माणसं बसलेली, भाव चढवायला.

भाऊ हे सगळं शिकले आणि मग त्यांच्या अंगातला कंडक्टर जागा झाला. खोट्या विक्रेत्यांची ते तक्रार करायला लागले. म्हणजे ते सांगायचे आणि मी टाइप करायची. 'लिहा ताई, या माणसाकडे एकाच नंबरचे दोन तारे शेतस.' साइटवाले एखादं खातं बंद करायचे, तोच माणूस आठवड्याने दुसऱ्या नावाने दुकान मांडायचा. फोटोमागची सतरंजीसुद्धा बदलायचा नाही. भाऊंना याचा संताप यायचा आणि खरं सांगायचं तर मजाही यायची. बिनतिकीट प्रवासी पुन्हा त्याच स्टॉपवर चढला की कंडक्टरला येत असेल तशी.

पण आबांचा तारा काही दिसेना. दुसरा उन्हाळा गेला, तिसरा आला. अक्का हिवाळ्यात न्हाणीत पडल्या, खाटेवरून उठायला माणूस लागायला लागला. आणि भाऊंचा धीर सुटला.

अक्कांच्या खाटेखाली एक काळी लोखंडी पेटी होती. फौजेतली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि रेजिमेंटची अक्षरं, नाव नाही. घरात तिला सगळे आबांची पेटी म्हणायचे. भाऊ आणि त्यांच्या बहिणी लहानपणी त्या पेटीवर बसून तो नंबर गाण्यासारखा म्हणत मोठे झाले होते. भाऊंनी त्या पेटीचा फोटो काढला आणि पदकं जमवणाऱ्या लोकांच्या एका ग्रुपवर टाकला. खाली आबांचं पूर्ण नाव, नंबर, आणि वर हे वाक्य: आईचं वय झालं आहे, हा तारा कुणाकडे असेल तर कळवा, काहीही करून घेऊ. टरबूजवाल्याला स्वतःचं आडनाव न सांगणारा माणूस! मी म्हणाले, 'भाऊ, तुम्ही तर माप देऊन आलात की शिंप्याकडे.' ते म्हणाले, 'ताई, खऱ्या माणसापर्यंत पोहोचायला काहीतरी खरं सांगावंच लागतं.'

उन्हं तापायला लागली तेव्हा तारा लिलावात आला. 'वीरवारसा' नावाचा विक्रेता, पत्ता उत्तरेकडचा. फोटोत ताऱ्याची मागची बाजू, त्यावर भाईदास आबांचं नाव आणि तोच नंबर. भाऊंनी माझ्या स्क्रीनवर तो आकडा आकडा बोट ठेवून वाचला. मी फोटो मोठा करून बघू म्हटलं, फीत जरा जास्तच तपकिरी वाटत होती. 'बघू नंतर, आधी बोली लावा,' ते म्हणाले. टरबूज हुंगणारा माणूस! कुणीतरी समोरून भाव चढवत होतं, भाऊ त्याच्यावर चढत होते. शेवटी आपल्याला मिळाला तेव्हा त्यांनी खुर्चीवरून उठून मला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही आलं.

कुरिअर आलं त्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. भाऊंच्या बायकोने, सवितावहिनींनी, खाटेला टेकवून अक्कांना बसवलं. भाऊंनी डबी उघडली, तारा आईच्या तळहातावर ठेवला आणि मोठ्याने नंबर वाचून दाखवला. मग वाकून खाटेखालची पेटी ओढली, झाकणावरचा नंबरही वाचला. 'जुळना का नही, आई? बठ्ठा जुळना, एकूनएक आकडा!'

अक्कांनी तारा डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने त्याच्या कडा चाचपल्या. मग कपाळाला लावला आणि म्हणाल्या, 'बरं व्हयनं, बेटा. आते तू फिरानं बंद कर.' त्या रडल्या नाहीत. मला वाटलं, वय झालं की आनंदही असाच कोरडा होत असेल. वहिनींनी चहा टाकला.

गल्लीत बातमी पसरली. विहाराच्या कमिटीने ठरवलं की यंदा पार्वताबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची द्यायची आणि आबांचा कोट, तारा लावून, शेजारी ठेवायचा. बॅनरचं काम माझ्याकडे आलं. भाऊ रोज दुकानात यायचे आणि काही काम नसताना बसून राहायचे. टरबूजसुद्धा न वाजवता आणलं म्हणे एकदा, फिक्कं निघालं तर तसंच खाल्लं.

बॅनरसाठी ताऱ्याचा चांगला फोटो हवा म्हणून मी त्या विक्रेत्याचं पान उघडलं. तिथे नवा तारा विकायला होता. मागे वेगळं नाव, वेगळा नंबर. त्याच्या एका टोकाच्या आत नखाएवढी खाच होती. मी आपल्या ताऱ्याचा लिलावातला फोटो शेजारी ठेवला. आबांच्या ताऱ्याला त्याच टोकाशी, त्याच जागी, तशीच खाच. दोन्ही एकाच साच्यातून निघालेले.

नवं नाव मी शोधलं तर ते त्याच ग्रुपवर सापडलं. पहूरच्या लताबाईंनी वडिलांच्या पदकाची चौकशी केली होती, वडिलांचा फोटो, नाव, नंबर टाकून. अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई. लोक आपलं दुःख तिथे लिहीत होते आणि हा नराधम ते वाचून मागणीप्रमाणे तारे कोरत होता.

मी भाऊंना बोलावून दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढंच म्हणाले, 'आईला कळता कामा नये.'

'आणि पहूरच्या बाईचं काय? तिचा लिलाव रविवारी संपतोय.'

'तिला तुम्ही कळवा. आमचं नाव नका घेऊ.'

मी कळवलं. लताबाईंचं उत्तर आलं: 'ताई, तुम्हालाच तो घ्यायचा आहे म्हणून मला घाबरवताय. माझ्या बापाचा आहे, मी सोडणार नाही.' त्यांचं काय चुकलं? त्या बाजारात असले डावही चालतात. त्यांना पुरावा हवा होता. नुसत्या फोटोवरही आबांचं नाव होतं, म्हणजे पुरावा एकच होता. भाऊंनी आपला तारा उघड दाखवून हा खोटा आहे असं सांगणं. ते केलं की गल्लीला कळणार, कमिटीला कळणार आणि अक्कांना कळणार.

भाऊ दुकानात येईनासे झाले. विक्रेत्याला मीच लिहिलं, तर त्याचं उत्तर काय? 'आपण दिलेल्या नाव-नंबरप्रमाणे वस्तू आहे. परत घेतली जाणार नाही.' वाचून मी टेबलावर हात आपटला, समोर आधारचं झेरॉक्स काढायला आलेली बाई दचकली. आपण दिलेल्या! म्हणजे चोर आम्हालाच पावती दाखवत होता.

शनिवारी मी दुकान लवकर बंद करून त्यांच्या घरी गेले. भाऊ ओट्यावर बसले होते. मी बसलेसुद्धा नाही.

'भाऊ, उद्या ती बाई फसणार. तुम्हाला चालणार आहे?'

'हळू बोला. आई जागी शे.'

'हळूच बोलतेय. आयुष्यभर दुसऱ्याचं तिकीट तपासलंत ना? आता स्वतःकडे खोटं तिकीट आहे म्हणून खिडकीतून बाहेर बघत बसणार?'

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. त्यांचा चेहरा लाल झाला. 'तुम्हाला काय माहीत, ताई? इतकी वर्षं आई मान खाली घालून जगली. आत्ता कुठे तिने मान वर केली, ती मी माझ्या हाताने खाली करू? पहूरची बाई मला कोण लागते?' आवाज चढला होता, आणि मग तो फाटला.

आतून हाक आली. 'युवराज. आठे ये. तिलेभी लई ये.'

आम्ही दोघं चोरासारखे आत गेलो. अक्का खाटेवर बसल्या होत्या. तारा उशाशी, डबीत. त्यांनी खाटेखाली बोट दाखवलं.

'ती पेटी आबानी नही शे. ती मनी शे.'

भाऊंना कळेना. 'तुनी कशी, आई?'

'मना बापनी दिधी माले, लगीनमा. मना बाप आन् तुना आबा, दोन्ही एकच फौजमा व्हतात. तठेच त्यास्नी मनं लगीन ठराई टाकं. तो नंबर मना बापना शे.'

सवितावहिनी दाराशी उभ्या होत्या, हातातला पेला तसाच.

साधी गोष्ट होती. धुळ्याकडच्या एका गावातून ती मुलगी लग्न होऊन आली, तेव्हा भटू नावाच्या शिपायाने आपली फौजेतली पेटी लेकीला कपड्यांसाठी दिली. सासरी फौजी माणूस एकच, आबा. हळूहळू पेटी आबांची झाली. पोरं आबांची पेटी म्हणायला लागली, आणि सुनेने ती आपली आहे असं कधी सांगितलं नाही. का नाही, असं मी नंतर विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'कोनी इचारंच नही.'

म्हणजे 'वीरवारसा'ने आबांच्या नावापुढे त्यांच्या व्याह्याचा नंबर कोरला होता. आणि अक्कांना ते पहिल्या दिवशीच कळलं होतं.

'तू नंबर वाचा, तवयच माले समजनं,' त्या म्हणाल्या.

'मंग सांगं का नही, आई?'

'तू इतला खुशीमा व्हता. तुनं तोंड दखीसन माले बोलता ऊनं नही.'

भाऊ खाटेच्या काठाला धरून खाली बसले आणि ढसाढसा रडले. साठीचा माणूस. अक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी भिंतीकडे बघत उभी राहिले, मला त्या क्षणी कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं. थोड्या वेळाने अक्काच म्हणाल्या, 'ती पहूरनी बहीन फसी जाई. काढ तुना मोबाईल. मी सांगस तिले.'

मीच व्हिडिओ काढला. पेटी खाटेवर उचलून ठेवली. अक्कांनी डोक्यावर पदर नीट घेतला, तारा हातात धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. हाऊ तारा खोटा शे. हाई पेटी मनी. हाऊ नंबर मना बापना, त्याचं नाव भटू, गाव अमुक. लोट्याची गोष्टही सांगितली, कुणी विचारली नव्हती तरी. भाऊ मध्येच 'राहू दे ना आई ते' म्हणाले, पण त्या थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, मना बापलेभी असाच तारा भेटेल व्हता, त्यानाभी पत्ता नही. बहीन, तू पैसा वाया घालू नको.

मी तो लताबाईंना पाठवला, ग्रुपवर टाकला, साइटवाल्यांना तक्रारीबरोबर जोडला. रविवारी सकाळी लताबाईंचा फोन आला. आधी आभार, मग रडू, मग एकच प्रश्न: 'मग माझ्या बापाचा खरा कुठे असेल हो ताई?' मी काय सांगणार? वितळवला असेल कुणीतरी, एखाद्या नळाची तोटी झाली असेल त्याची. तसं मी बोलले नाही. माझी तिखट जीभही काही ठिकाणी आवरते.

'वीरवारसा'चं खातं बंद झालं. व्हिडिओ इतका फिरला की जळगावहून लोकांचे फोन आले. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी अक्कांना वाघीण म्हटलं. चौदा एप्रिलला कमिटीने त्यांना खुर्चीवर बसवून नेलंच. आबांचा कोट शेजारी ठेवला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरींनी फोटो काढले. मी जवळच उभी होते. अक्का मान खाली घालून मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. ढोल सुरू होण्याआधीच त्यांनी भाऊंना खूण केली आणि घरी आल्या. दारात मला म्हणाल्या, 'लोक टाया वाजाडतस. कसान्या? मी हरपाडं त्यान्या?' टाळ्या कशाच्या, मी हरवलं त्याच्या?

मला वाटलं, आता हे संपलं. भाऊंनी लिलाव बघणं सोडलं होतं. टरबूज पुन्हा वाजवायला लागले होते.

मे महिन्यात एका दुपारी ते दुकानात आले. खुर्चीवर बसले नाहीत. मोबाइल माझ्यापुढे धरला, आपला स्वतःचा. लिलावाची साइट, नवा विक्रेता, मागे तीच सतरंजी. सहा टोकांचा तारा, त्याच टोकाशी तीच खाच. मागच्या बाजूला पेटीवरचा नंबर. आणि नाव या वेळी भटू. अक्कांच्या वडिलांचं नाव, रेजिमेंट, सगळं बरोबर.

'व्हिडिओतून उचललं,' मी म्हणाले. 'अक्का बोलल्या ते सगळं ऐकून याने कोरलं. थांबा, आत्ता तक्रार करते.'

'करा,' भाऊ म्हणाले. 'पण आधी घरी चला. आईपासून आता मी काही लपवणार नाही.'

लॅपटॉप घेऊन मी त्यांच्यामागे गेले. मला हे पटलेलं नव्हतं, पण त्या घरात लपवण्याने काय झालं ते मी पाहिलं होतं. अक्का खाटेवर आडव्या होत्या. भाऊंनी त्यांना उठवून बसवलं आणि सगळं सांगितलं. हाही त्याच चोराचा आहे, आई. तुझंच बोलणं ऐकून केलाय. खोटा आहे. ताई आता तक्रार करतील, उद्यापर्यंत निघून जाईल.

अक्कांनी स्क्रीन जवळ घ्यायला सांगितली. त्यांना वाचता येत नाही. 'नाव वाच बरं.'

भाऊंनी वाचलं. भटू, शिपाई, आणि पुढे नंबर.

'परत वाच.'

भाऊंनी परत वाचलं. अक्कांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, ताऱ्यावर नाही, त्याच्या खाली जिथे अक्षरं होती तिथे. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात त्यांच्या बापाचं नाव बहुधा पहिल्यांदाच कुणी मोठ्याने वाचलं होतं.

'आई, खोटा शे तो,' भाऊ हळूच म्हणाले.

'माले समजस,' अक्का म्हणाल्या. 'खोटा तर खोटा. नाव तं मना बापनंच शे ना? मंग दुसराना घर कसाले जाऊ देस?'

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तक्रारीचं पान माझ्यापुढे उघडं होतं, अर्धं भरलेलं. मी ते पुढेही भरलं नाही आणि बंदही केलं नाही.